शीव बुडालेल्या गावाचा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. चौकट नाही, भिंत नाही, म्हणून ओळखू येत नसेन. एका शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीमागे मला टेकवून ठेवलंय. पोरं माझ्यावर ओले हात पुसतात.

माझा जन्म वैनगंगेकाठच्या एका गावातला. ईश्वरने लग्नाआधी बिजाच्या झाडाचं लाकूड आणून सुताराकडून मला करून घेतलं. मग मला ढकलून घरात आली ती त्याची बायको, गोदावरीबाई. दर पोळ्याच्या संध्याकाळी ती माझ्या बाजूला पळसाची फांदी खोवायची. दुसऱ्या पहाटे ती फांदी उपटून, "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेबाहेर फेकून यायची. सारं गावच तसं करायचं. वर्षाची पीडा अशी गावाबाहेर जायची.

गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढणार म्हणून मोजणीवाले आले. एकाने माझ्या छातीवर लाल रंगाने आकडा टाकला. घरात कोणाला विचारलंसुद्धा नाही.

लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी उकलली. छपराचे कवेलू आणि फाटे, दरवाजे, सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. नव्या वसाहतीत घराला लोखंडी दार होतं. मी शेळ्यांच्या आडोशाला गेलो. ईश्वर तिथे फार दिवस टिकला नाही.

वसाहत बसवली होती दुसऱ्या गावाच्या कुरणावर. पहिल्या पोळ्याची पहाट झाली, बाया फांद्या घेऊन निघाल्या आणि वाटेतच थबकल्या. फेकायच्या कुठे? आपली शीव तर पाण्याखाली. शेवटी गोदावरीबाईने नाल्यापलीकडे फेकली. तिथे दादाजी नावाच्या शेतकऱ्याची धानाची बांधी होती. पुढच्याच महिन्यात दादाजीचा बैल मेला. "आपली पीडा आमच्या शिवारात टाकली" म्हणत त्या गावाने वसाहतीशी बोलणं सोडलं. दोन्हीकडची पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, अबोला तसाच राहिला.

मग दोन्हीकडची पोरं जायची त्या शाळेत रुपा मॅडम आल्या. सातवीला इतिहास शिकवायच्या. म्हणाल्या, "घरातली तुमच्याहून मोठी एक वस्तू आणा. आणि ती ज्यांची आहे, त्यांनाही आणा."

गोदावरीबाईची नात गुंजन मला हातगाडीवर घालून घेऊन आली. मागे काठी टेकत आजी.

"येवढा दरवाजा आणला! आता तुमच्या घराची राखण कोण करते, कुत्रा?" एका पोराने विचारलं.

"तुले बसवून येऊ का?" गुंजन म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

गोदावरीबाईने माझ्या आकड्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. पळसाचंही. तेव्हा कामिनी उठली. ती दादाजीची नात.

"माह्या आजोबाचा बैल तुमच्या त्या फांदीनं मेला."

आजी म्हणाली, "मेला, बाई. त्या दिवशी माह्या घरीबी चूल नाही पेटली. पण मले सांग, मी फेकू कुठं? घरात ठेवू?"

मागून एकाने हात वर केला. "मॅडम, आमचं कुरण देतानी आमच्या गावाले कोणी विचारलं होतं का?"

"आणि आमाले इथं आणतानी?" गुंजन म्हणाली.

मॅडम फळ्याकडे वळल्याच नाहीत. "हेच घरी विचारून या," म्हणाल्या.

कामिनी हळूच बोलली, "आजी, हे तुम्ही आजोबाले सांगान का?"

"आणजो त्याले. त्याच्याशी येवढं बोलून घेतलं, की मी मोकळी झाली."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतली माणसं मुख्याध्यापकांच्या खोलीत. एरवी एकमेकांकडे न बघणारी, पण तक्रार एकच. शाळेत जुनी भांडणं कायले उकरता? कामिनीच्या बापाने तिचं नाव काढून तिला दूरच्या शाळेत टाकलं. रुपा मॅडमना तिसरीचा वर्ग दिला. मला इथे आणून टेकवलं. सातवीत आता लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात.

आणि मग एका दुपारी दादाजी आले. एकटेच. धुतलेलं धोतर, हातात टोपी. पोरं मागच्या अंगणात खिचडी खात होती.

"ते म्हातारी येते म्हणे इथं बोलाले," ते म्हणाले.

"ते संपलं, बाबाजी," मुख्याध्यापक म्हणाले. "आता परीक्षा आहे."

जाता जाता दादाजी माझ्यापुढे थांबले. लाल आकड्यावरून त्यांचं बोट फिरलं. "आमच्या कुरणातल्या झाडाईवरबी असाच टाकला होता," ते स्वतःशीच पुटपुटले. मग टोपी घातली आणि गेले. घरी काही बोलले नसतील. मुख्याध्यापकही कोणाला बोलले नाहीत.

काल गुंजन टाकीवर पाणी पिताना मैत्रिणीला सांगत होती, "आजी म्हणते, म्हातारा आलाच नाही. येनारच नव्हता म्हणते. यंदा तिनं पलस तोडलाच नाही."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. पण लाकडाचं कोण ऐकतं? तुम्ही ऐकलंत. वसाहतीत तिसऱ्या ओळीत तिचं घर आहे, दारात शेळ्या असतात. कधी त्या बाजूला गेलात तर गोदावरीबाईला सांगा, दादाजी आले होते.