डाव्या डोळ्यातली खुर्ची

"दुसऱ्याच्या घरात शिरून वर त्याच्याच बायकोला विचारतात, 'तुम्ही इथं कशा?'" सुनेनं कपाळावर हात मारला. "सिस्टर, आता तुम्हीच सांगा यांना."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं हसू ओठातच दाबलं. समोरच्या बाकावर किल्लीवाले आजोबा ताठ बसले होते. चाळीस वर्षं साऱ्या वस्तीची कुलपं उघडलेला माणूस. परवा शेजारचं दार आपलं समजून त्याला भिडला, किल्ली लागेना म्हणून कुलपाला शिव्या घातल्या, तारेनं ते उघडलं आणि आत जाऊन निवांत पाय पसरले.

"पण उघडलं की नाही?" आजोबा म्हणाले. "अडीच मिनिटांत! डोळे लागतात कशाला?"

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. महिन्याभरात ऑपरेशन झालं नाही तर तो डोळा हातचा जाईल, असं सांगून सांगून डॉक्टर थकले आणि चिडून म्हणाले, "मग नंतर येऊ नका." आजोबा "नाही येणार" म्हणून काठी घेऊन उठलेच होते. सिस्टरनं त्यांना आपल्या खोलीत वळवून आणलं.

तिची एक रीत होती. सव्वीस वर्षांत ती पेशंटशी वाद घालायला गेली नव्हती. नुसतं विचारायची, "आणखी?" तिच्या माघारी दवाखाना तिला आणखीबाई म्हणायचा. माणूस आधी सांगतो ती अडचण उंबऱ्यावरची, खरी आतल्या खोलीत बसलेली असते, आणि तिथं धक्का मारून शिरता येत नाही, एवढं तिला कळलं होतं.

"बोला आजोबा, काय नको वाटतं?"

"तुमचा तो डॉक्टर. माझी किल्ल्या घासायची कानस त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे."

"असेल. हात मात्र हलका आहे त्याचा, मी रोज बघते. आणखी?"

"डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणे. खाज सुटते मला."

"सुटणारच. मान मागे टाकून बसा, सून धुऊन देईल."

"मी?" सून दचकली.

"आणखी?"

"ती हिरवी पट्टी. पोपट दिसेन मी."

"आणखी?"

"आणखी, आणखी! भाजी विकताय का?"

सून फिस्सकन हसली. सिस्टरनं तिला खालून रक्ताचा रिपोर्ट आणायला पाठवलं. दार लागलं. आजोबा काठीची मूठ चोळत राहिले.

"ही गेली, पण घरी खिडकीपाशी हिची खुर्ची आहे," ते हळूच म्हणाले. "पाठीवर शाल तशीच. सकाळी डोळे उघडले की धुकंच धुकं, आणि त्या धुक्यात ही बसलेली दिसते. मान जराशी कललेली. शाल आहे ती, कळतं मला. पण दिसते हो. तुमच्या त्या पोरानं डोळे लख्ख केले की खुर्ची रिकामी."

सिस्टरच्या जिभेवर आलेलं "आणखी" तिथंच विरघळलं. तिनं विचारलं, "कुठल्या डोळ्याला दिसतात त्या?"

आजोबांनी एकेक डोळा तळव्यानं झाकून पाहिला, जणू ती इथंच कुठं बसली असावी. "उजव्याला नुसतं पांढरं. डाव्याला दिसते."

सिस्टर उठून डॉक्टरांकडे गेली आणि आली. "डावा थांबू शकतो म्हणाले. दर सहा महिन्यांनी तपासायचा. आत्ता फक्त उजवा करू. चालेल?"

"डाव्याला हात लावणार नाही?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी, घर वाटेवरच म्हणून, सिस्टर डोकावली. आजोबांनी तिला खालून वर न्याहाळलं.

"अहो, आवाजावरून तिशीच्या वाटायचात!"

"आणखी?" सिस्टर म्हणाली.

"आणखी काय, घरभर जळमटं! मला वाटायचं घर स्वच्छ आहे."

सुनेनं तिला बाजूला ओढलं. "सिस्टर, तो मोतीबिंदू परत बसवता येतो का हो?"

हसतच सिस्टर निघाली. दारातून सहज मागे पाहिलं तर आजोबा खिडकीपाशी गेले होते. घसरलेली शाल त्यांनी खुर्चीवर नीट केली. नव्या डोळ्यानं तिचा एक सुटलेला धागा दिसला, तो बोटानं आत खोचला. मग चार पावलं मागे सरले, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि उभे राहिले. त्यांचीही मान जराशी कलली होती.

सिस्टरनं दार अलगद ओढून घेतलं. कडी वाजली नाही. तिला नुकतंच तेल पडलं होतं.