भिंतीवरची शेजारीण

"उम्म जाद, तुझ्या त्या भिंतीवरच्या बाईला दाढी आहे म्हणे," वस्तीतली झन्नूबा म्हणाली, आणि तेही कुठं, तर मयताच्या घरी, चहा फिरत असताना.

उम्म जाद, म्हणजे जादची आई, माझी सासू बदरिया. मी तिला यम्मा म्हणते, आमच्याकडे आईला म्हणतात तसं. तिनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मयताच्या घरी हसू नये म्हणून बायका ओढणीत तोंड खुपसून हसल्या.

यात हसण्यासारखं काय होतं ते सांगते. आमचं जुनं घर गुर्न्याच्या डोंगरावर होतं. पुढं मातीच्या दोन खोल्या आणि मागं डोंगराच्या पोटात खोदलेली, फार जुन्या काळच्या कुणा मोठ्या माणसाची कबर. जग तिला कबर म्हणायचं, आम्ही मागची खोली म्हणायचो. बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी आत गारवा. चूल तिथंच, धान्याच्या मातीच्या कणग्या तिथंच. बकऱ्या तिथं व्यायच्या, आणि यम्माही तिथंच बाळंत झाली. माझा नवरा त्या खोलीतला.

चुलीच्या धुरानं भिंती काळ्या ठिक्कर झालेल्या. त्या काळ्यातून एकच डोळा दिसायचा, लांबलचक, काजळ घातलेला. आणि त्याच्या खाली, जरा बाजूला, एक हात. निमुळत्या बोटांचा. यम्मा नवी नवरी म्हणून आली तेव्हाच तिनं ठरवून टाकलं की ही बाई आहे, आपली शेजारीण आहे आणि चांगल्या घरची आहे.

पुढं यम्मा ऐन तरुणपणी विधवा झाली. दिराशी लग्न लावून द्यायला निघाले, तर ही दाराला कडी लावून बसली. तेव्हापासून कुणा परपुरुषानं आपला एक केस पाहिलेला नाही, ही तिची सगळी इस्टेट. ती हे आल्यागेल्याला सांगतही असे. आणि हे सगळे केस ती धुवायची, विंचरायची, मेंदी लावायची ती त्या डोळ्यासमोर. पोराला पाजलं तिथं. रडली तिथं. माणसांना सांगता येत नाही ते सगळं त्या भिंतीला सांगून झालेलं. खरं सांगायचं तर मीही तिला एकदोन गोष्टी सांगितल्या होत्या. बहुतेक सासूबद्दलच्या.

मग डोंगरावरची घरं पाडली आणि आम्हाला खाली सिमेंटच्या वस्तीत आणून बसवलं. मागची खोली वरच राहिली. तिथं शिकलेली माणसं आली, कापसाच्या बोळ्यांनी भिंत पुसत वर्षानुवर्षं बसली, आणि आता म्हणे ती लोकांना बघायला उघडली होती. झन्नूबाचा जावई बघून आला. काळं गेलं आणि खालून दाढी निघाली, असं त्यानं सासूला सांगितलं. झन्नूबानं ते एवढे दिवस पोटात कसं ठेवलं कुणास ठाऊक. मयत व्हायचीच वाट बघत असणार.

यम्माचं जेवण तुटलं. ती वस्तीतल्या खोलीतसुद्धा ओढणी घट्ट लपेटून बसायला लागली, जणू सिमेंटलाही डोळे फुटले होते. शेवटी एका सकाळी म्हणाली, "फहीमा, हाबूच्या देवळाला जाऊन येऊ." म्हणजे डोंगराखालचं, जुन्या राजांचं ते पडकं देऊळ.

"देवळाला?"

"हो. मग तिथून वर आपली मागची खोली जवळच आहे, तर आलोच आहोत म्हणून…"

जादनं विचारलं, "यम्मा, देवळात काय आहे?"

"गुडघे दुखतात माझे."

"मग देऊळ गुडघ्यांना काय करणार?"

"तू तुझी भाकरी खा."

आम्ही सडकेवर जाऊन जीपला हात केला, तर आत आधीच झन्नूबा बसलेली. मांडीवर कांद्यांचं गाठोडं. "मलाही देऊळ बघायचंय," ती म्हणाली. "बंदी आहे का?"

जन्मभर ज्या देवळाच्या सावलीत आम्ही बकऱ्या चारल्या, तिथं तिकीट काढून कधी गेलो नव्हतो. आत गेल्यावर भिंत बघायची असते हेही नव्यानंच कळल्यासारखं वाटलं. यम्मा भिंतीत कोरलेल्या एकेका राजासमोर उभी राहायची, मान वर करून निरखायची.

"ह्यानंही काजळ घातलंय," ती म्हणाली. "आणि ह्यानं. सगळ्यांनीच घातलंय. मग ओळखायचं कसं?"

"तो शत्रूला केसांना धरून मारतोय, यम्मा. पुरुष असणार."

"माझ्या आत्यानं नवऱ्याला असंच धरलं होतं."

झन्नूबा मागून म्हणाली, "डोळ्यावरून नाही, दाढीवरून ओळखतात."

"डोंगरापल्याडच्या देवळात एक राणी आहे, तिला दाढी आहे," मी म्हणाले. हे मी एका गाईडच्या तोंडून ऐकलेलं होतं. "राज्य करायचं म्हणून लावली होती म्हणे."

यम्माच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "ऐकलंस झन्नूबा? लावता येते."

"तुझ्या चुलीपाशी कसलं राज्य होतं गं?"

देवळाच्या मागच्या बाजूला जुन्या तळ्याचा खड्डा आहे. मूल होत नसलेल्या बायका तिथल्या पाण्यात न्हायच्या. झन्नूबा काठावर उभी राहून आता त्यात माजलेल्या गवताकडे बघत राहिली. "मीही न्हाले होते. इतकी पोरं झाली की नंतर 'पुरे' म्हणून सांगायला यायचं राहूनच गेलं."

यम्माही हसली. मग सावलीला बसून आम्ही उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या भाकरी, जुनं चीज आणि झन्नूबाचे कांदे खाल्ले. यम्मा एकेक घास इतका सावकाश चावत होती की मला कळून चुकलं, हिला उठायचंच नाहीये. "आज उशीर झाला," ती म्हणाली. "गुडघेही…"

"राहू दे मग," झन्नूबा म्हणाली. "लोकांना मी सांगते, दाढी होती म्हणून."

यम्मा उठली.

आम्ही डोंगर चढलो. आमची घरं होती तिथं आता नुसता उतार आहे. पण पाय आपोआप वळत होते, जिथं उंबरा होता तिथं उचललेही जात होते. कबरीच्या तोंडाशी लोखंडी दार, आणि दारात पहारेकरी हमदान, खालच्या घरातला, आमच्याच अंगणात खेळून मोठा झालेला.

"या, या, घरच्या बायका. पण वीज गेलीय. थांबा." त्यानं आतून मोठा आरसा काढला, उन्हात उभं राहून तिरका धरला, आणि उन्हाचा एक चौकोन दारातून आत फेकला. पूर्वी कोणी साहेब आला की असंच करायचे. आता हमदान बाहेर, त्याचं ऊन आत.

खोली आमची नव्हती. किंवा होती, पण आंघोळ करून नवे कपडे घातल्यासारखी. चुलीची जागा मी पायानं चाचपली. फरशी लागली.

"कुठं धरू, यम्मा?" हमदाननं विचारलं.

"चुलीच्या वर." ती पुटपुटली. मी मोठ्यानं सांगितलं.

ऊन सरकलं आणि डोळ्यावर येऊन थांबलं. तोच डोळा. पण आता त्याच्याभोवती चेहरा होता, विटेसारखा तांबडा, रुंद खांद्यांचा माणूस खुर्चीत बसलेला. हनुवटीखाली आखूड दाढी. लावलेली वगैरे नाही, चांगली रुजलेली.

झन्नूबानं आधी श्वास घेतला, मग म्हणाली, "बघ."

यम्मानं ओढणीचं टोक ओढून नाकापर्यंत घेतलं. आणि भिंतीकडे पाठ केली. झन्नूबा हसली नाही, हे मी तिच्या खात्यात जमा धरते. जिंकून झालं होतं आणि आता तिला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

"यम्मा," मी म्हणाले, "हात कुठाय?"

"कसला हात?"

"आपल्याला दिसायचा तो. ह्याचे दोन्ही हात ह्याच्या मांडीवर आहेत." मी ओरडले, "हमदान, जरा डावीकडे घे."

ऊन खांद्यावर गेलं. तिथं तो हात होता, निमुळत्या बोटांचा. पण तांबडा नव्हता, पिकल्या लिंबासारखा पिवळा होता. आणि तो मागून आला होता. ऊन आणखी सरकलं तशी बाही आली, मग दंड, मग काळ्या केसांच्या बटा, आणि शेवटी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बसलेली एक सडपातळ बाई. एवढी वर्षं आम्ही डोळा त्याचा आणि हात तिचा मिळून एक माणूस करून ठेवला होता.

यम्मा हळूहळू वळली. "ही कोण?"

"बायको असणार."

"ही पहिल्यापासून इथंच होती?"

"दुसरीकडे कुठं जाणार?" झन्नूबा म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. "पण तोही होताच की, उम्म जाद."

यम्मानं ओढणीआडून त्याला नीट पाहिलं. त्याच्यासमोर मेज मांडलेलं होतं. भाकऱ्यांची चळत, कांद्याची जुडी, वासराची तंगडी. डोळा आमच्यावर रोखलेला, पण नाक आणि तोंड सरळ जेवणाकडे.

"डोळा माझ्याकडे आणि लक्ष ताटात," यम्मा म्हणाली. "जादच्या बापासारखाच. ह्यानं काही पाहिलं नाही. ह्यानं ऐकलंसुद्धा नसेल."

"असं कसं सांगतेस?"

"संसार केलाय मी, झन्नूबा. थोडा केला, पण केलाय."

झन्नूबानं यावर वाद घातला नाही. तीही मेजाकडे बघत होती. "कांदे आपल्याकडचेच दिसतात," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन हमदानच्या सावलीत बसली.

यम्मा पुढं झाली. "हमदान, ऊन फक्त बाईवर ठेव. त्याच्यावर नको."

चौकोन सरकला. नवरा अंधारात गेला, मेजासकट. मग यम्मानं ओढणी खाली घेतली, कपाळावरून, मग पार मानेवर. मी तिचे केस उजेडात पहिल्यांदाच पाहत होते. पांढरेशुभ्र, विरळ, मधे नीट भांग. ती भिंतीच्या इतक्या जवळ गेली की तिची सावली त्या बाईच्या मांडीवर पडली.

"बघ काय झालंय ह्या केसांचं," ती तिला म्हणाली. "सिमेंटच्या घरात पाणी खारं आहे." आणि मग आवाज उतरवून वस्तीबद्दल सांगायला लागली, शेजाऱ्यांबद्दल, जादच्या कामाबद्दल. माझं नाव आलं तसं मी दाराबाहेर निघून गेले.

हमदाननं आरसा खांद्याला टेकवला. त्यानं आत हाक मारली, "यम्मा, ऊन पुढं सरकतंय."

"मग तूही सरक," आतून आवाज आला.