एकतिसाव्या प्रश्नाचा फलक

मित्रांनो, माझी पहिली सहा पानं गेली आहेत, म्हणून मी सातव्यापासून बोलतो.

मी बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्नसंच. आमच्या पलूस गावातल्याच एका सरांनी मला लिहिलं, त्यामुळे माझ्यातले प्रश्न इथलेच. एके काळी अभ्यासिकेत मुलं माझ्यासाठी भांडत. मग सराव मोबाईलवर गेला आणि मला खिडकीच्या फटीत कोंबलं. वारा अडवायला.

तिथून मला संयोगितानं ओढून काढलं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तिनं पार केली होती, लेखी आठ दिवसांवर होती. बाकी सगळं यायचं. जर-तरचे प्रश्न तेवढे चुकायचे.

प्रश्न ३१. जर निवड झाली, तर वेशीत अभिनंदनाचा फलक लागतो. फलक लागला आहे. म्हणून निवड झाली का?
(अ) होय (ब) नाही (क) निश्चित सांगता येत नाही

ती अ वर खूण करी. खोडून टाकी. पुन्हा अ.

त्यातच तिच्या मामांनी, नानासोंनी घाई केली. मैदानी झाली एवढं ऐकून त्यांनी वेशीत फलक लावून टाकला. भाचीच्या फोटोवर पोलिसाची टोपीसुद्धा.

सकाळी शेजारच्या बनाबाईंनी तिला अडवलं. "आवं पोलीसबाई, आमच्या पोराला, गुंडाला जरा दम द्या की."

"आत्ती, लेखी राहिलीया अजून."

"मग फलक उगंच लागलाय व्हय?"

संयोगिता अभ्यासिकेत आली. बसेना. येरझाऱ्या. मग एकतिसावा प्रश्न उघडून बघत राहिली. समासात लिहिलं: निवड, बाण, फलक. उलटा बाण नाही. खूण क वर.

मग ती थांबेचना. 'झाली की', 'असल्याशिवाय नाही', 'जो जो'. जर न लिहिलेल्या वाक्यांतही तिला जर-तर सापडू लागलं. पानामागून पान. मला धाप लागली.

संध्याकाळी नानासो तिला न्यायला आले.

"मामा, फलक उतरवा."

"उतरवला तर लोक म्हणतील, पोरीची निवड न्हाई झाली."

"मग खरं तेच बोलतील की. झालीय कुठं अजून?"

जाताना वेशीत नानासोंनी स्वतःच फलकाच्या दोऱ्या सोडल्या.

लेखी होऊन अकरा दिवस झाले. निकाल नाही. ती रोज येते, मला उघडते, मिटते. मीही अस्वस्थ आहे.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना फटीत कोंबू नका, एवढं मागणं आहेच. आणखी एक. कुणी अजून प्रश्न सोडवत असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही लिहू नका.