सामानापाशी कोण बसणार?

त्या शनिवारी मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहत होता, आणि सगळ्यांची नजर फिरून फिरून शेवटी माझ्यावर येऊन थांबत होती. मित्रांनो, मी एक जुना होल्डॉल आहे. जाड खाकी कापडाचा, दोन चामडी पट्ट्यांचा, डोक्याकडे एक कप्पा आणि पायाकडे एक कप्पा असलेला. आत अंथरूण पसरायचे, गुंडाळी करायची, पट्टे आवळायचे आणि मूठ धरून निघायचे. माझे आयुष्य एवढेच आहे. पण ते कसे गेले आणि कुठे अडले, ते ऐका.

भायखळ्याच्या एका दुकानात मला नानांनी विकत घेतले. नानांचे नाव दत्ताराम. लालबागच्या गिरणीत, कापड विणायच्या साचेखात्यात ते कामाला होते. घेताना त्यांनी माझे पट्टे ओढून पाहिले, शिवण नखाने उकरून पाहिली, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा शिवण पाहिली. कोणावरही एकदम विश्वास टाकायचा त्यांचा स्वभावच नव्हता. तो संशयी स्वभाव मला तेव्हापासूनच लागला.

माझी खरी वर्षे बोटीवर गेली. मे महिना आला की भाऊच्या धक्क्यावरून देवगडची बोट. आमचे तिकीट नेहमी डेकचे. तिथे ज्याने आधी अंथरूण पसरले, त्याची जागा. शिडी लागली की नाना मला खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे धावत आणि बऱ्यापैकी आडोसा पाहून मला उलगडत. मग मागून त्यांची बायको कुंदा, मुलगी उत्तरा आणि मुलगा चंद्रप्रकाश येऊन माझ्यावर बसत. समुद्राचा वारा, डिझेलचा वास आणि माझ्या अंगावर झोपलेली दोन मुले. "काय मजबूत होल्डॉल आहे हो तुमचा," असे शेजारचे प्रवासी म्हणत, तेव्हा नाना मला थोडे जवळ ओढून घेत. न जाणो, स्तुती करणाऱ्याच्या मनात काय असेल!

जेवायची वेळ झाली की ते कुंदाला म्हणत, "तू पोरांका घेऊन जेवून ये. मी बसतंय सामानापाशी." मुले हसत परत येत. मग डब्यात जे उरले असेल ते नाना माझ्यावर बसूनच खात. इतक्या वर्षांत या चौघांना प्रवासात एकत्र जेवताना मी कधीच पाहिले नाही. कोणाला त्याचे काही वाटतही नसे. सामानापाशी कोणीतरी बसावेच लागते, नाही का?

पुढे बोटी थांबल्या. संप झाला, गिरणी बंद पडली, नाना घरी बसले. मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. मला हवा दाखवायचे कोणाला सुचले नाही. खाली मुले मोठी झाली. उत्तरा बँकेत लागली. चंद्रप्रकाश एका परदेशी प्रवासी जहाजावर इंजिनिअर झाला, आणि मग एक दिवस त्याने बातमी आणली: हिवाळ्यात जहाज मुंबईहून सिंगापूरला जाणार आहे, आणि कंपनी अधिकाऱ्यांच्या घरच्यांना नेते. जहाजाचा नकाशा बहिणीच्या हातात देऊन तो पुन्हा समुद्रावर गेला. "केबिन तूच ठरव गं," एवढेच सांगून.

त्याच आठवड्यात उत्तराने एक लाल सुटकेस आणली. चकचकीत, कुलूपवाली, माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी. मी ओळखले, आपला शेवट जवळ आला. आता भंगारवाला, नाहीतर कांजूरमार्गचा कचरा. पण नाना मुकाट्याने माळ्यावर चढले, मला खाली काढले, उन्हात टाकले, झटकले आणि त्यांची गोधडी आत घातली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण घरात कोणी नसताना नानांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली काहीतरी चपटी, जड वस्तू गोधडी आणि चादरीच्या मध्ये सरकवली आणि पट्टे आवळून टाकले. माझ्याच पोटात काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हते.

तर त्या शनिवारी उत्तरा जहाजाचा नकाशा जमिनीवर पसरून बसली होती. सोमवारी फोर्टातल्या एजंटच्या ऑफिसात केबिन सांगायची होती.

"ही फॅमिली केबिन," ती म्हणाली. "चार बंक, खिडकी नाही. आणि या दोन वेगळ्या, दोघादोघांच्या. यांना गोल खिडकी आहे. मी म्हणते, तुम्हा दोघांना एक आणि मला एक."

नानांनी चष्मा पुसला. "चार बंकांची घेऊया गो. चंद्या कामावरून सुटलो की येयत झोपाक."

"नाना, त्याला त्याची केबिन आहे. ऑफिसर आहे तो."

"ऑफिसरांका आवस नसता?"

"मला मध्ये ओढू नका," स्वयंपाकघरातून कुंदा म्हणाली. "मला खिडकी पाहिजे. आणि तिथल्या त्या चादरी! कोण कोण झोपलेलं असेल त्यांच्यावर, देव जाणे. ते राहू दे. माझ्या ट्रंकेतलं काळं कापड गेलं कुठं ते आधी सांगा. चंद्याच्या लग्नासाठी ठेवलेलं गिरणीचं कापड आहे ते. सोनूबाईनंच नेलं असणार. ती भांडी घासताना ट्रंकेकडेच बघत असते."

नाना नकाशात डोके घालून बसले.

"चार बंक तुम्हाला कशाला हवेत ते मला कळतं, नाना," उत्तरा म्हणाली. "आमच्यावर नजर ठेवायला."

"नजर सामानावर ठेवतत गो. माणसां काय पळान जातत?"

"बरं, मग सामानाचंच बोलू. या होल्डॉलात काय आहे?"

"अंथरूण."

"तिथे अंथरूण मिळतं. ते जहाज आहे, देवगडची बोट नाही. सुकट भरलीय?"

"नाय."

"स्टोव्ह?"

"नाय गो बाय."

"मग उघडून दाखवा."

नानांचा हात माझ्या बक्कलावर पडला. "आता नाय. जहाजावर गेल्यावर."

तेवढ्यात दाराशी कुंडलिक आला. हा शेजारच्या खोलीतला, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. नाना लगबगीने बाहेर गेले. कुजबुज झाली. "गाठ तेवढी सोडू नका नाना. सुटली की वाट लागली," असे काहीसे कुंडलिक म्हणाला. नाना वर्तमानपत्रात बांधलेली छोटी पुडी घेऊन आत आले आणि कोणाला बोलू न देता ती माझ्या डोक्याकडच्या कप्प्यात खोचली.

"मटका लावतात की काय दोघं मिळून!" कुंदा पुटपुटली. उत्तराने माझ्याकडे असे पाहिले की माझी शिवण आखडली.

मग तिने कपड्यांचा विषय काढला. "प्रवासात दोन रात्री फॉर्मल आहेत. म्हणजे वरच्या हॉलमध्ये जेवायला बायकांनी भारी साडी नेसायची. आई, तुझी जांभळी नारायणपेठ मी सुटकेसमध्ये घेतेय. पुरुषांना कोट आणि टाय. त्याशिवाय आत घेत नाहीत. चंद्याचा कॅप्टनसुद्धा असणार तिथे."

नानांची बोटे माझ्या पट्ट्यावरून पुढे-मागे फिरत होती.

"मग तुम्ही दोघी वर जावा," ते म्हणाले. "मी बसतंय सामानापाशी."

हे वाक्य मी जन्मभर ऐकले होते. पण या वेळी ते बोलून नाना थांबले नाहीत. ते उत्तराकडे पाहत राहिले. बोटीवर असे ते कधी पाहत नसत. उत्तराही त्यांच्याकडे पाहत होती. बशीत ओतून चहा पिणारे नाना, हाताने भात कालवणारे नाना, आणि समोर चंद्याचा कॅप्टन. तिच्या डोळ्यांसमोर ते सगळे येऊन गेले असावे, असा माझा संशय आहे. नाहीतर म्हातारा रुसून नाटक करतोय, असेही तिला वाटले असेल.

"बरं," ती म्हणाली. "मग दोन केबिन सांगते."

तिने नकाशाची घडी घातली. नानांनी हात माझ्यावरून काढून घेतला. नंतर सगळे जेवले, भेंडीची भाजी होती. नानांनी ताक मागून घेतले. बाकी सगळे रोजच्यासारखेच.

रविवारी सकाळी त्यांना माझ्या एका पट्ट्याची शिवण सुटलेली दिसली. तो पट्टा माझ्यापासून सोडवून ते खाली नाक्यावरच्या चांभाराकडे गेले. बऱ्याच वेळाने कुंडलिक धावत वर आला. त्याच्या हातात शिवलेला पट्टा होता. नाना आले नाहीत. ते चांभारासमोरच्या पेटीवर बसले होते आणि बसल्या जागीच कलंडले होते.

जहाज ठरल्या दिवशी मुंबईहून सुटले. कामावरच्या चंद्रप्रकाशशिवाय या घरातले कोणी त्यावर नव्हते. त्याला बातमी समुद्रावर उशिरा मिळाली होती. जहाज मुंबईला लागल्यावर तो आला, आईजवळ बसला, आणि नोकरी थांबणारी नव्हती म्हणून परत गेला. माझा शिवलेला पट्टा खिळ्याला लटकत राहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय मला लागत. गेलेल्या माणसाचे अंथरूण घरात ठेवू नये, असे सोनूबाई म्हणाली. कुंदाला ते पटले. खाली भंगारवाल्याची हाक ऐकू येऊ लागली की मी अंग चोरत असे.

एका दुपारी कुंदा म्हणाली, "उत्तरा, ते देऊन टाक बाई. बघवत नाही माझ्याच्याने."

"देते. आधी आत काय आहे ते बघू दे. सुकट असली तर सगळ्या जिन्यात वास सुटेल." आवाज कोरडा होता तिचा. तिने मला वास घेऊन पाहिले. मग बक्कल सोडले.

सुकट नव्हती. स्टोव्ह नव्हता. गोधडी निघाली, चादर निघाली आणि मधले धोतर निघाले. तिने धोतराच्या घड्या उलगडल्या. आत काळा कोट होता. नवा कोरा. धूळ लागू नये म्हणून अस्तर बाहेर करून दुमडलेला आणि चुणी पडू नये म्हणून अंथरुणाच्या पोटात सपाट ठेवलेला. खिशांच्या तोंडाचे टाकेसुद्धा अजून उसवलेले नव्हते.

कुंदा पुढे आली. तिने बाही दोन बोटांत धरून चोळली. "हे आपल्या गिरणीचं कापड," ती म्हणाली, आणि खाली बसली. "मी त्या सोनूबाईला चोर म्हटलं गं."

डोक्याकडच्या कप्प्यातली पुडी उत्तराने सोडली. गडद निळा टाय होता. त्याला गाठ आधीच मारलेली होती. नुसता डोक्यावरून घालून ओढायचा. तिने दारात जाऊन कुंडलिकला हाक मारली. तो टाय पाहूनच तो ओशाळला.

"नानांना गाठ जमेना. चार वेळा शिकवली मी. मग म्हटलं, बांधूनच देतो. लग्नाच्या सीझनला आम्ही तसंच करतो." तो घुटमळला. "जहाजावर जेवायला कोट लागतो, हे चंद्यानं जातानाच त्यांना सांगितलं होतं. शिंप्याकडे पण मीच नेलं होतं त्यांना. मी विचारलं, घरी दाखवलात का कोट? तर म्हणाले, आधी पोरगी जेवायला चल म्हणू दे, मग दाखवतो."

कुंडलिक गेला. उत्तराने कोट मांडीवर घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना हवा दाखवा, उंदरांपासून सांभाळा, असे माझ्या जातीचे सगळेच सांगतात. तुम्ही ते केलेत तर मला बरेच वाटेल. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्याही घरात सामानापाशी बसणारे कोणीतरी असेल. त्याला भूक नाही, त्याला हौस नाही, त्याला तिथेच बरे वाटते, असे तो म्हणेल. एवढ्या एकाच बाबतीत संशय घ्या. आणि त्याला उठवा.

भंगारवाला हाका मारून निघून गेला. उत्तराने खिळ्यावरचा पट्टा काढून माझ्या कड्यांत ओवला. मग तिने मला पूर्ण उलगडले, बोटीच्या डेकवर पसरत तसे, आणि गोधडी सारखी केली. स्वयंपाकघरात कुंदाने ताटे मांडायला घेतली होती. तिसरे ताट सवयीने मांडले गेले, ते तिने उचलले नाही. उत्तराने कोट सरळ केला, खिशांचे टाके नखाने उसवले आणि नाना बसायचे त्या कडेला तो माझ्यावर ठेवला. ती त्याच्यासमोर बसली. मग बोलली ती मोठ्याने, आतल्या कुंदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"नाना, सामान राहू दे. कोणी नेत नाही. चला, जेवायला चला."