काळा श्वास आणि कार्बनची जोडी

रुमाल काळा झाला की हॉलभर हुंकार उठायचा. दोनशे माणसं, खुर्च्या कमी पडलेल्या, मागचे लोक टाचा उंच करून बघणारे. स्टेजवर दोन पट्ट्यांवर आडवं ठेवलेलं एक लोखंडी नळकांडं, त्याच्या तोंडाला कापडी वेष्टनाची जाड नळी. नळीचं दुसरं टोक आजारी माणसाच्या छातीवर. नळकांड्याच्या शेपटाला, जिथून हवा बाहेर पडते तिथे, पांढराशुभ्र रुमाल बांधलेला. श्वासगुरू डोळे मिटून बटण दाबायचे, घरघर सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत रुमालाच्या मधोमध काळा डाग उमटायचा.

"हा बघा तुमचा काळा श्वास," गुरू मऊ आवाजात म्हणायचे. "इतकी वर्षं हा उराशी घेऊन झोपत होतात तुम्ही."

माणूस हमखास रडायचा. खाली बसलेल्या बायका त्या नळकांड्याला हात जोडायच्या. ज्याला त्या हात जोडत होत्या ते माझ्या वडिलांचं व्हॅक्यूम क्लीनर होतं, आणि ते मी माझ्या जेवणाच्या टेबलावर दुरुस्त केलं होतं.

मी मोटारी दुरुस्त करते. मिक्सर, पंखे, ड्रिल, काय येईल ते. वडील तीस वर्षं एका नाट्यगृहात झाडलोट करत होते. नाट्यगृह बंद पडलं तेव्हा मालकाने हे मशीन त्यांना देऊन टाकलं. ते गेले, मशीनही बंद पडलं आणि कित्येक वर्षं माझ्या पलंगाखाली धूळ खात राहिलं. धूळ ओढायच्या मशीनने धूळ खावी, यावर आम्ही भावंडं खूप हसायचो.

मग माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला दमा निघाला. आठ वर्षांची पोर, सगळे तिला चिमणी म्हणतात. केरसुणीने धूळ उडते, बाबांचं मशीन चालू होईल का, असं भावाने विचारलं आणि मी टेबल मोकळं केलं. वायर बदलली. बेअरिंगला ग्रीस भरलं. आतली पिशवी उंदरांनी खाल्ली होती, ती जाड पांढऱ्या कापडाची दुहेरी शिवून घेतली. राहिले कार्बन. फिरत्या तांब्याला दोन्ही बाजूंनी टेकून वीज पोचवणारे हे दोन काळे ठोकळे, करंगळीच्या नखाएवढे. त्या मापाचे आता कुठेही मिळत नाहीत. मी मोठे मऊ कार्बन आणून कानशीने घासून बसवले. वडिलांच्या हातून मशीन एकदा जिन्यावरून पडलं होतं, तेव्हा कार्बन धरणारी खोबण चेपली होती. म्हणून प्रत्येक कार्बनच्या एका कोपऱ्याला खाच मारावी लागली.

नवा कार्बन तांब्यावर नीट बसेपर्यंत काळी भुकटी सोडतो. ती हवेबरोबर शेपटातून बाहेर येते. हे मी भावाला बजावून सांगितलं होतं. म्हटलं, काही तास बाल्कनीत चालव, मागे फडकं बांध, चिमणीला जवळ येऊ देऊ नकोस. फडकं पांढरं राहायला लागलं की मगच घरात घे. भावाने मान हलवली. तो मान फार छान हलवतो.

त्याने फडकंही बांधलं. नेमका तेव्हाच त्याच्या बिल्डिंगमध्ये श्वासाचे वर्ग घेणारा एक गृहस्थ डोकावला. हा पूर्वी घरोघरी फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकायचा. लोकांच्या गादीवर पांढरं कापड धरून मळ दाखवायचा आणि बायकांना लाजवून मशीन गळ्यात मारायचा. काळं झालेलं फडकं पाहून त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. त्याने नळी चिमणीच्या छातीला लावली, फडकं भावाला दाखवलं, मशीन मागून नेलं आणि त्या दिवसापासून तो श्वासगुरू झाला. मी त्याला नळीवाला म्हणते.

मला यातलं काही कळवलं नाही. मशीन झकास चालतंय, एवढंच भाऊ फोनवर म्हणायचा. कुठे चालतंय ते सांगत नव्हता, कारण माझी जीभ त्याला ठाऊक आहे.

आणि दर शनिवारी माझ्याकडे एक ड्रायव्हर यायला लागला. झिजलेला कार्बन दाखवून म्हणायचा, याच मापाची एक जोडी द्या, कारखान्यातल्या मशीनला लागते. ताई, तुमच्या हातासारखं काम कुणाचं नाही. मी फुगले. दहा जोड्या घासून दिल्या, आणि दहाही वेळा कोपऱ्याला खाच मारली. अकराव्या जोडीला हात घातला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती खाच लागणारं मशीन जगात एकच होतं.

तशीच उठून भावाच्या घरी गेले. चिमणी पलंगावर पुढे वाकून बसली होती, गुडघ्यांवर हात रोवून. दारातूनच तिच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. तिचा तोंडात मारायचा दम्याचा पंप कुठाय विचारलं तर वहिनी फरशीकडे बघायला लागली. भाऊ म्हणाला की पंप गुरूंच्या पेटीत जमा केलाय. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली औषधं त्या पेटीत सोडायची असतात, नाहीतर काळा श्वास परत येतो. आणि चिमणी आता बरी आहे. पहिल्या दिवशी रुमाल काळाकुट्ट होता, मग राखाडी झाला, सातव्या दिवशी पांढरा.

"आत्या," चिमणी दोन दमांत म्हणाली, "सातव्या दिवशी सगळ्यांचाच पांढरा होतो. बेकरीवाल्या आजोबांचापण झाला. ते अजून तसेच खोकतात."

आठ वर्षांच्या पोरीला दिसलं ते दोनशे मोठ्या माणसांना दिसलं नव्हतं. सात दिवसांत कार्बन तांब्यावर बसतो आणि भुकटी थांबते, म्हणूनच प्रत्येक नव्या तुकडीआधी नवी जोडी लागत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ नव्हता. तिला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळीतून औषध दिलं, तासाभराने पोरीचे ओठ लाल झाले. बाई भावाला म्हणाल्या की अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. त्यांनी नवा पंप हातात दिला.

आणि या शहाण्याने घरी आल्यावर काय सांगितलं? गुरूंशी बोलणं झालंय. घरात कुणीतरी शंका घेतली म्हणून श्वास उलटला. सोमवारी नवी तुकडी बसतेय, चिमणीला परत बसवायचं. पंप पेटीत टाकून.

मी ओरडले, शिव्या दिल्या, वहिनीला रडवलं. काही उपयोग झाला नाही. रुमाल मी डोळ्यांनी पाहिलाय, हे त्याचं एकच पालुपद. म्हणजे त्याच्या डोळ्यांनाच दाखवायला हवं होतं.

शनिवारी ड्रायव्हर आला. मी त्याला हसून अकरावी जोडी दिली. फक्त त्या जोडीला आधीच पॉलिश पेपरवर तांब्याची गोलाई दिली होती, आणि तिच्यावरून हात फिरवला तरी बोट काळं होणार नाही इतकी ती झटकून पुसून काढली होती.

सोमवारी सकाळी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पिशवीत पेचकस, कात्री आणि आणखी एक जोडी, कानशीखालून निघालेली, न पुसलेली. स्टेजवर नव्या तुकडीचे पंधरा जण आणि त्यांत चिमणी, मांडीवर पंप घेऊन. पेटी शेवटी फिरणार होती.

पहिली एक शिंपीणबाई होती. घरघर झाली, दोन मिनिटं झाली, चार झाली. रुमाल पांढरा. नळीवाला म्हणाला, या माउलीचा श्वास जन्मतःच शुद्ध. दुसरा चाळीस वर्षं विड्या ओढलेला पहारेकरी. रुमाल पांढरा. तिसरीचाही पांढरा. आता हॉलमध्ये कुजबुज वाढली आणि नळीवाल्याच्या कपाळाला घाम फुटला. त्याने बटण बंद केलं, हात वर केले आणि जाहीर केलं की इथे कुणीतरी शंका घेऊन आलंय.

मी उभी राहिले. म्हटलं, मीच ती. मशीन माझ्या वडिलांचं आहे आणि त्याचे कार्बन मी घासते.

त्याची दोन माणसं पुढे आली, पण माझा भाऊ मध्ये आला. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे. मोठ्या बहिणीला परक्याने हात लावलेला त्याला चालत नाही, एवढंच.

मी मशीनच्या तोंडाची कडी उघडली, आतली पिशवी काढली आणि कात्रीने टराटरा फाडली. हवा नळीतून आधी या पिशवीत येते, मग मोटारीतून जाऊन शेपटातून बाहेर पडते, असं बोट ठेवून दाखवलं. छातीतून काळं येत असेल तर ते आधी इथे अडकायला हवं. तीन महिने, शेकडो छात्या. पिशवी आतून पांढरी होती. तळाशी स्टेजवरच्या गालिच्याचे थोडे धागे, बस्स.

मग दोन स्क्रू काढले, माझ्याजवळची न पुसलेली जोडी बसवली आणि नळी एका रिकाम्या खुर्चीवर ठेवली. रुमाल मी भावाला बांधायला लावला. बटणही त्यालाच दाबायला लावलं.

दीड मिनिटात रुमाल काळा झाला.

"विचार त्याला," मी भावाला म्हटलं, "खुर्चीला दमा कधीपासून आहे."

नळीवाला बोलायचा थांबला नव्हता. खुर्चीवर बसून गेलेल्यांचे श्वास, लोखंडाच्या हत्याराने शक्ती दूषित झाली, असं काहीबाही चाललं होतं. पण बेकरीवाल्यांची मुलगी मागून चालत आली आणि थेट पेटीपाशी गेली. तिचे वडील तीन दिवसांपासून हॉस्पिटलात होते. तिने पेटी स्टेजवर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, पंप, इन्शुलिनची इंजेक्शनं, सगळा ढीग. तिला वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या सापडल्या, जशाच्या तशा. त्या गोळ्या तिने नळीवाल्याच्या पायांपाशी ठेवल्या.

मग लोक पुढे आले. गुडघ्यांवर बसून ढिगात आपापलं औषध शोधायला लागले, पाकिटावरची नावं वाचत, एकमेकांकडे न बघता. त्या गडबडीत नळीवाला मागच्या दाराने सटकला. त्याला नंतर पकडलं, तक्रार बेकरीवाल्यांच्या मुलीनेच दिली. बेकरीवाले वाचले, पण चार पावलं चालले की त्यांना बसावं लागतं. दुकान आता मुलगी उघडते.

भाऊ काळा रुमाल हातात घेऊन उभा होता. म्हणाला, ताई, तू मला आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं होतं. बाल्कनीत चालव म्हणून. तो रडला. मी त्याची समजूत काढली नाही. अजूनही तो प्रसंग आठवला की हात शिवशिवतो माझा, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही. दहा जोड्या कुठे जातात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कामाची तारीफ ऐकून माझंही डोकं चालायचं थांबलं होतं.

स्टेजवरून उतरताना चिमणीने विचारलं, "मग माझा काळा श्वास?"

"तुझ्या छातीत काळं काहीच नव्हतं गं. तो माझ्या कानशीचा चुरा होता."

तिने थोडा विचार केला, पंप तोंडाला लावला, दाबला आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास रोखून मनात दहा आकडे मोजले.

मशीन आता भावाच्या घरी आहे. पिशवी नवी शिवली, कार्बन बसलेत, मागचं फडकं पांढरं राहतं. चिमणी शाळेत गेली की भाऊ घर झाडतो. लोकांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्यासमोर कुणी रुमाल काळा केला तर रडा, हात जोडा, हवं ते करा, पण औषध सोडायच्या आधी म्हणा, मशीन उघडून दाखव. तो नाही म्हणाला तर तिथून उठा. हो म्हणाला तर मला बोलवा, पेचकस घेऊन येते. स्क्रू दोनच असतात.