खांद्याजवळची रेघ

"हे सगळे बोर्ड खाली घ्यावे लागतील," इंजिनियर मॅडम म्हणाल्या, आणि वायरमनने हातातली पकड मुकाट्याने खिशात कोंबली.

नव्या इमारतीत भिंती फोडून झाल्या होत्या, पाइप घालून झाले होते, बोर्डांचे डबे बसले होते. नुसता गिलावा राहिला होता. पण वायरमनने जन्मात कधी भिंतीला टेप लावली नव्हती. तो भिंतीला खांदा टेकवून उभा राही आणि तिथेच पेन्सिलीने रेघ मारी. रेघेवर बटणांचा बोर्ड, आणि प्लग खाली घोट्याच्या जरासा वर. माप त्याच्या अंगात मुरलेलं होतं. नवा नियम त्याला ठाऊक नव्हता अशातला भाग नाही. काम सुरू होण्याआधीच ठेकेदाराने बजावलं होतं, की बसलेल्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचला पाहिजे आणि प्लगसाठी कुणाला जमिनीपर्यंत वाकायला लागता कामा नये. वायरमनने मान डोलावली, आणि पहिल्याच खोलीत जाऊन खांद्याशी रेघ मारली.

ठेकेदार धुमसत होता. मॅडमनी मात्र आवाज चढवला नाही. एक प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यांनी भिंतीशी ठेवली आणि म्हणाल्या, "काका, बसून बघा एकदा."

वायरमन भिंतीकडे तोंड करून, गुडघे भिंतीला टेकवून बसला. चांगला उंचापुरा गडी, पण हात वर केला तर बोटं डब्याच्या खालच्या कडेला कशीबशी लागली. गवंडी हसले. त्यांच्याबरोबर तोही हसला, पण खुर्चीतून उठायला त्याला अंमळ वेळच लागला. घरी वर्षभर हेच चाललं होतं, आणि असं बसून बघायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

घरी बायको होती, चाकाच्या खुर्चीत. अर्धांगाचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. घरातला बोर्डही त्यानेच बसवलेला, लग्नानंतर नवीन बिऱ्हाड केलं तेव्हा, आपल्याच खांद्याशी रेघ मारून. तेव्हा हात उंचावून बटण दाबताना ती म्हणायची, "तुमच्या मापाचं घर केलंत, माझ्या मापाचं कधी करणार?"

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा त्याने बोर्ड खाली घेण्याची गोष्ट काढली होती. ती केवढी चिडली. बोर्ड खाली आणला म्हणजे मी उठत नाही हे ठरवूनच टाकल्यासारखं झालं, म्हणाली. त्याने विषय सोडला. खरं सांगायचं तर त्याला हायसंच वाटलं. दिवसभर लोकांच्या भिंती फोडून आल्यावर आपली भिंत फोडायचं त्राण कुणाच्या अंगात असतं? शिवाय ती एक दिवस उभी राहील, हात उंचावेल आणि तेच बटण दाबेल, अशी त्यालाही वेडी आशा होती. टेबलावर दिवा आणून देतो म्हटलं, तर आजारी माणसाचं सामान घरात नको म्हणाली. सकाळीच दिवा लावून जाऊ लागला, तर दिवसाढवळ्या दिवा कशाला म्हणून तिने तोही बंद करायला लावला. मग दिवस कलला की तो येईपर्यंत ती अंधारात बसून राही.

त्या संध्याकाळीही घरात अंधारच होता. त्याचा हात आपसूक खांद्याशी गेला, दिवा लागला, ती डोळे मिचकावत राहिली. चहा करता करता त्याने खुर्चीची फजिती सांगितली. तिला हसवावं एवढाच हेतू होता.

"मग? पोचला हात?" तिने विचारलं.

"कसला पोचतोय. बोटं लागली नुसती."

"तुमचासुद्धा नाही?"

त्याने चहा गाळून तिच्यापुढे धरला. चहाचा कप डाव्या हाताने मांडीवर धरून तिने भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी घ्या खाली."

"राहू दे की थोडे दिवस. डॉक्टर म्हणालेत ना..."

"डॉक्टर म्हणतातच हो. दमले मी अंधारात बसून."

वर्षभर तो तिच्या हट्टाच्या नावाने कुरकुरत होता. तो हट्ट असा सहज सुटला. मोरीत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं.

रविवारी त्याने मेन बंद केला आणि तिची खुर्ची भिंतीशी नेली. टेप आजही काढली नाही.

"हात टेकव भिंतीला. सहज पोचेल तिथंच. ताणू नको."

तिने डावा हात उचलला आणि ताणलाच. जुन्या बोर्डाच्या दिशेने, जाईल तेवढा वर. तो पेन्सिल धरून थांबला. हळूहळू हात दमला, भिंतीवरून घसरत खाली आला आणि एका जागी टेकला. तिथे त्याने रेघ मारली आणि त्या रेघेवर बोर्ड बसवला. जुनं भगदाड त्याने सिमेंटने बुजवलं.

सोमवारी दिवसभर तो कामावर स्वतः बसवलेले डबे उखडत होता. खांदे भरून आले होते. संध्याकाळी गल्लीत वळला तर घराची खिडकी उजळलेली दिसली. दार लोटून तो आत आला, आणि दिवा चालू असतानाही त्याचा हात सवयीने खांद्याशी गेला. बोटांना ओलसर सिमेंट लागलं.

"तिथं काही नाही आता," ती म्हणाली. "बसा. पंखा मी लावते."

तो तसाच भिंतीला हात लावून उभा राहिला. खाली खटका वाजला, आणि पंखा हळूहळू फिरू लागला.