गोजराबाईची शाल

चोरलेली वस्तू दानात दिली की पाप फिटतं, असं मानणारे शहाणे जगात कमी नाहीत. साधना त्यांतलीच. माघात तिची सासू गोजराबाई गेली, तेव्हा सासऱ्यांनी, सावळीरामांनी, आपली लोकरीची शाल बायकोच्या अंगावर स्वतः घातली होती. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी हौसेनं घेतलेली. एवढी चांगली वस्तू जळून जाणार म्हणून साधनाचा जीव तुटला. तिरडी उचलायच्या आधी, बायका जरा बाजूला होताच, तिनं फुलांखालची शाल ओढून घेतली आणि हाताला लागली ती चादर घातली. पण शाल पांघरायची एकदाही छाती झाली नाही. कपाट उघडलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर, चीवरदानाच्या दिवशी, शाल कागदात बांधून ती नाशिकरोडच्या विहारात आली. भिक्खूंना वस्त्र दिलं की आपण सुटलो, असं तिला वाटलं. शेजारी सावळीराम बसले होते. सून दान देणार म्हणून त्यांची मान ताठ झाली होती.

भंतेजींनी नेमकी वस्त्राचीच गोष्ट काढली. "एका भिक्खूनं स्मशानात ताज्या मढ्यावरचं वस्त्र उचललं. मढ्यात भूत होतं. ते म्हणालं, भंते, माझं वस्त्र नेऊ नका. भिक्खूनं ऐकलं नाही. मग मढंच उठलं आणि त्याच्या मागं मागं विहारापर्यंत आलं. भिक्खूनं दार लावून घेतलं, तसं तिथंच कोसळलं. तेव्हापासून बुद्धांनी नियम केला, ताज्या मढ्यावरचं घ्यायचं नाही."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साधनाच्या तळहातांना घाम सुटला. उठून पळावं, तर तिचंच नाव पुकारलं गेलं.

"मामा, तुम्हीच द्या," म्हणत तिनं पुडकं सासऱ्यांच्या हातात कोंबलं. ओला कागद फाटला आणि शालीचा काठ बाहेर आला. त्यावरचं बिडीनं पडलेलं भोक सावळीरामांनी कधीकाळी हिरव्या दोऱ्यानं शिवलं होतं. त्यांचा अंगठा तिथं थांबला. धरणीनं पोटात घ्यावं, असं साधनाला झालं.

"गोजराबाईच्या नावानं," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी शाल भंतेजींना दिली.

घरी आल्यावर ते दारात थांबले.

"मंग तिच्या अंगावर काय घातलं व्हतं?"

खोटं बोलायचं ठरवूनही साधनाला जमलं नाही. "इस्त्रीखाली अंथरायची चादर. चटके पडलेली."

सावळीरामांनी मान हलवली. "त्या दिशी थंडी लय व्हती," म्हणाले, आणि आत न येता पायरीवरच बसले. "तू जा. दार लावून घे."